दोन काचा

नगरपालिकेनं जुनी गाडी काढून घेतली ऑक्टोबरात.
तिच्या हीटरचं गोल बटण
माझ्या हातमोज्याला ओळखायचं.
उजवीकडे तीन खटके, टक टक टक,
की काच साफ.
सव्वीस वर्षांत त्याच्याकडे कधी पाहिलं असेन
तर ते पुसायलाच.

नवी गाडी देताना गॅरेजचा यार्क्को म्हणाला,
"रायली, आता सगळं एकाच ठिकाणी!"
आणि परातीएवढी काच उजळली डॅशबोर्डवर.
सगळं एकाच ठिकाणी,
असं घर बदललेली माणसंही सांगतात,
खोकी फोडण्याआधी.

डिसेंबरातली रात्र, म्हणजे दुपारचे तीन.
इंगामारेतला कळा लागल्या पंधरा दिवस आधीच.
हॉस्पिटल तीनशे किलोमीटरवर, मी चाळीसवर.
उणे एकोणतीस.
ओउला फोनवर "ये" म्हणाला
आणि पुढचं त्याला सुचेना.

कामानेनच्या पुढे समोरची काच धुरकटली,
दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच श्वासानं.
हात गेला जुन्या जागी.
तिथे काही नव्हतं. बोट नुसतं घसरलं.
मग पाहावं लागलं.
हवामान. त्याच्या आत आराम. त्याच्या आत पुढे, मागे, पायांशी.
मध्येच एक चौकट उगवली:
नवी आवृत्ती आली आहे.
आत्ता बसवायची, की नंतर?
मी "नंतर" शोधत होते

तीन सेकंद.
ऐंशीच्या वेगात सहासष्ट मीटर,
हा हिशोब मी दुसऱ्या दिवशी केला, कागदावर.

मान वर केली तर धुक्यात एक भोक उरलेलं, मुठीएवढं,
आणि त्या भोकात शिंगं.
रेनडिअरची मादी.
या दिवसांत डोक्यावर शिंगं म्हणजे बहुधा गाभण.

गाडी आडवी होत होत, घसरत घसरत थांबली
तिच्यापासून हातभर.
ती हलली नाही.
तिची वाफ माझ्या दिव्यांत,
माझी वाफ काचेवर,
आणि मधली काच अजून विचारतेय:
आत्ता, की नंतर?

खिशातून लायब्ररीचं कार्ड काढलं,
आतून बर्फ खरवडला,
कपाळ काचेला लावून उरलेले नऊ किलोमीटर गेले.

इंगामारेतच्या पोटावर हात ठेवले.
मी पाहत होते तिच्या तोंडाकडे,
तिला घाम, ओठ कोरडे, नजर छताला;
हात त्यांचं त्यांचं पाहत होते.
पाठ डावीकडे. डोकं खाली. हा खांदा.
काही उघडून आत शिरावं लागलं नाही.
पोरगी झाली, पावणेसातला,
आणि चिडूनच आली.

घरी आल्यावर दिसलं,
कोटाचं एक बटण तुटलंय.
पट्ट्याच्या झटक्यात तुटलं असणार, सीटखाली सापडलं.
तेच मी गोंदानं चिकटवलं स्क्रीनवर,
काच साफ करण्याच्या चित्राला अगदी लागून.
यार्क्को हसला. हसू दे.
तीन आठवडे माझा अंगठा
रस्त्यावरची नजर न काढता
चार भोकांचं ते बटण चाचपत होता,
आणि त्याच्या उजवीकडे, एका नखावर,
टेकला की काच साफ.

मग एका रात्री, मी झोपलेली असताना,
गाडीनं स्वतःच ठरवलं, आत्ता.
सकाळी चित्रं सगळी इकडची तिकडे.

बटण आहे तिथेच आहे.
त्याच्या शेजारचं गाव उठून गेलंय.
काल इवालोच्या वाटेवर पुन्हा धुकं धरलं,
अंगठ्यानं बटण शोधलं, उजवीकडे, एका नखावर,
दाबलं,
आणि शेजारची रिकामी सीट
हळूहळू गरम होऊ लागली.